टर्बोची हवा आणि बिडाचे हेड

पालघरहून मनोरकडे जाणारा रस्ता वाघोबा खिंडीत चढू लागला, की भरलेल्या ट्रकच्या इंजिनाचा आवाज बदलतो. खालच्या गिअरमधील घरघरीवर एक बारीक, उंच स्वराची शिट्टी ऐकू येते. ती टर्बोचार्जरची असते. तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायने, औषधे, कापड आणि पोलाद घेऊन बोईसर-चिल्हार मार्गाने मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागणाऱ्या वाहनांतून हीच शिट्टी दिवसरात्र ऐकू येत असते. केबिन पुढे कलंडवून, रेडिएटरमधून वाफ सोडत रस्त्याच्या कडेला उभा असलेला ट्रकही या भागाला नवा नाही. अशा वेळी मेकॅनिकने उच्चारलेले ‘हेड गेले’ हे दोन शब्द एकाच गाडीवर संसार चालवणाऱ्या मालकाचा महिना बुडवू शकतात.

दोष सहसा टर्बोला दिला जातो. टर्बो बसवला की हेड फुटते, बिडाचे हेड टर्बोचा दाब सोसत नाही, अशी समजूत गॅरेजांतून सर्रास आढळते. वस्तुस्थिती निराळी आहे. डिझेल इंजिनाच्या क्षेत्रात बिडाचे हेड आणि टर्बो यांचा संसार अनेक दशकांचा आहे आणि तो बहुतांशी सुखाचा झाला आहे. बिघाड होतो तो जादा हवेबरोबर जादा डिझेल ओतले जाते आणि त्यातून निर्माण झालेली उष्णता बाहेर काढण्याची तजवीज केली जात नाही तेव्हा.

इंजिनाला हवा किती लागते?

इंजिनाच्या ब्लॉकमध्ये सिलिंडर असतात आणि त्यांच्यावरचे झाकण म्हणजे हेड. हे झाकण साधे नसते. हवा आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, डिझेल फवारणारे नोझल, हवेचे आणि धुराचे मार्ग, शिवाय या सर्वांभोवती खेळणारे थंड पाण्याचे मार्ग एवढे सारे एकाच ओतीव भागात सामावलेले असते. त्याची खालची बाजू थेट ज्वालेला सामोरी जाते, तर काही मिलिमीटरवर पलीकडे पाणी वाहत असते. इंजिनात इतक्या कमी जागेत तापमानाचा इतका मोठा फरक सोसणारे भाग मोजकेच असतात.

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. समुद्रसपाटीवर तिचे आकारमान बारा हजार लिटर भरते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो. म्हणजे २.४ लिटरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला फार तर ४,८०० लिटर हवा ओढू शकते. जळू शकणाऱ्या डिझेलवरही त्यामुळे मर्यादा येते. शक्ती वाढवायची तर इंजिन मोठे करावे, अधिक वेगाने फिरवावे किंवा तेवढ्याच सिलिंडरात दाबून जास्त हवा भरावी, असे तीनच मार्ग उरतात.

तिसरा मार्ग दोन प्रकारे साधतो. सुपरचार्जर हा पट्ट्याने किंवा गिअरने इंजिनावरच फिरणारा पंप असतो. तो लगेच हवा देतो, मात्र त्याला फिरवण्यासाठी इंजिनाचीच शक्ती खर्च होते. टर्बोचार्जरमध्ये बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरांकडे पाठवते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. इंधनातून निघणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश धुराबरोबर वाया जाते. टर्बो तिचाच काही हिस्सा परत मिळवतो.

या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये घेतले. ती प्रत्यक्षात उतरण्यास दोन दशके लागली. १९२० च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेस्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना टर्बो जोडण्यात आला, तेव्हा त्यांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनांतही असेच उदाहरण सापडते. १९६२ पासून देशात आलेले ‘डब्ल्यूडीएम-२’ हे टर्बो असलेले सोळा सिलिंडरचे इंजिन २,६०० अश्वशक्तीचे होते. त्याच घराण्याच्या ‘डब्ल्यूडीएम-३ए’ या सुधारित आवृत्तीतून पुढे ३,१०० अश्वशक्ती मिळू लागली. सिलिंडर सोळाच राहिले. अधिक कार्यक्षम टर्बो हा या वाढीचा मोठा आधार होता.

दाबलेली हवा तापते

हवा दाबली की ती गरम होते. सायकलचा पंप मारताना हाताला लागणारा चटका हे त्याचेच रूप आहे. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असेल आणि टर्बोने तिचा दाब दुप्पट केला, तर नेहमीच्या कार्यक्षमतेला ती सुमारे १२५ अंशांवर पोहोचते. गरम हवा विरळ असते. त्यामुळे दाब दुप्पट होऊनही हवेचे वजन दीडपटच वाढते. हीच हवा इंटरकुलरमधून नेऊन ६० अंशांपर्यंत थंड केली, तर वजन १.८ पटींवर जाते. शिवाय सिलिंडरात शिरणारी हवा ६५ अंशांनी थंड असल्याने ज्वलनाचे तापमान, धुराचे तापमान आणि हेडवरचा भार हे सारेच उतरते. इंटरकुलर केवळ शक्ती वाढवण्यासाठी असतो, हा समज म्हणूनच अपुरा आहे. तो हेडचे आयुष्यही वाढवतो.

बीड की ॲल्युमिनियम?

लोखंडात सुमारे तीन ते साडेतीन टक्के कार्बन आणि दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन मिसळून ओतलेला धातू म्हणजे बीड. त्यातील बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे उष्णता वाहून नेतात, कंपने शोषतात आणि यंत्रावर कापणे सोपे करतात. तेच पापुद्रे धातू ताणला गेला की चिरेची सुरुवातही करून देतात. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते. ताण सोसण्याची त्याची क्षमता मात्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच असते. कोल्हापूर परिसरातील ओतशाळांनी वाहन उद्योगासाठी बिडाचे भाग ओतण्यात नाव कमावले, ते या धातूचा स्वभाव ओळखूनच.

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूशी तुलना केली की दोघांचे गुणदोष स्पष्ट होतात. बिडाची घनता ७.२, तर ॲल्युमिनियमची २.७. वजनात बीड हरते. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमची हेडे बिडाच्या सुमारे तिप्पट सरस असतात. तापमान चढू लागले की पारडे फिरते. ॲल्युमिनियमची ताकद २०० ते २५० अंशांच्या पुढे झपाट्याने घटते. बीड ४०० अंशांच्या आसपासही आपली ताकद बऱ्यापैकी टिकवून धरते. आणखी एक मुद्दा गॅस्केटचा. ब्लॉक बहुधा बिडाचाच असतो. त्यावर बिडाचेच हेड बसवले, तर दोन्ही भाग तापल्यावर सारख्याच प्रमाणात फुगतात. ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट फुगते आणि मधल्या गॅस्केटला प्रत्येक वेळी घासटते. सिलिंडरातील दाब वाढवणाऱ्या टर्बोच्या इंजिनात हा फरक मोलाचा ठरतो.

थोडक्यात, दाबापुढे बिडाचे हेड कमकुवत नाही. त्याची अडचण एवढीच, की त्यातून उष्णता सावकाश बाहेर पडते.

पेट्रोल आणि डिझेलचा फरक

ही अडचण पेट्रोल इंजिनात अधिक जाचते. तेथे हवा व इंधन यांचे मिश्रण आधीच तयार असते आणि ठिणगी पडण्याची वाट पाहत असते. हेडची आतली बाजू फार तापली, तर मिश्रणाचा शेवटचा भाग ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटतो. यालाच बोलीभाषेत इंजिन ‘नॉक’ करणे म्हणतात. मुंबईकरांच्या ओळखीच्या दोन गाड्यांत दोन्ही प्रकार होते. बीएमसीच्या आराखड्यावरील जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरचे हेड बिडाचे, तर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे. पहिल्यात टर्बो किंवा सुपरचार्जर बसवण्याचा विचार केला, तर नॉकिंग हाच पहिला अडसर ठरेल.

जगात असे प्रयत्न झाले आहेत. ब्रिटनमध्ये १९२९ साली साडेचार लिटरच्या बेंटली मोटारीला सुपरचार्जर बसवण्यात आला. तिचे हेड बिडाचे आणि ब्लॉकबरोबर एकसंध ओतलेले असल्याने गॅस्केटचा प्रश्नच नव्हता. शक्ती ११० वरून १७५ अश्वशक्तीवर गेली. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा या प्रयोगाला विरोध होता. १९३० च्या ल मान्स शर्यतीत या गाड्या शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. त्याच वर्षी पाऊ येथील फ्रेंच ग्रांप्रीत मात्र एक गाडी दुसरी आली. अर्धशतकानंतर अमेरिकेत ब्युइक कंपनीने ३.८ लिटरच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला टर्बो जोडला. त्याचेही हेड बिडाचेच होते. १९८४ मध्ये इंटरकुलर नसताना त्यातून २०० अश्वशक्ती मिळत होती. १९८६ मध्ये इंटरकुलर आला आणि आकडा २३५ वर गेला. पेट्रोलवरही बिडाचे हेड चालते, पण हवा थंड करून दिली तरच, हा त्यातून मिळालेला धडा.

डिझेल इंजिनात चित्र वेगळे असते. सिलिंडरात आधी फक्त हवा दाबली जाते आणि डिझेल अगदी शेवटच्या क्षणी फवारले जाते. आपोआप पेटणे हाच तेथे कामाचा भाग असल्याने पेट्रोलसारखे नॉकिंग टर्बोच्या आड येत नाही. जादा हवा डिझेल इंजिनाला मानवते. डिझेलचे प्रमाण तेच ठेवून हवा वाढवली, तर धूर कमी होतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमानही उतरते.

आकुर्डीचे इंजिन, इटलीतील विक्रम

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातील रस्त्यांनी रोज पाहिले आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने डाइमलर-बेंझकडून ‘ओएम ६१६’ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला होता. चार सिलिंडर, २.४ लिटर, ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचे. खेडोपाडी वडाप म्हणून धावणाऱ्या ट्रॅक्सने हे इंजिन राज्यभर पोहोचवले. त्याच्या जर्मन मूळ आवृत्तीची शक्ती सुमारे ७० अश्वशक्ती होती; टर्बो नव्हता.

याच इंजिनाचे पाच सिलिंडरचे भावंड म्हणजे तीन लिटरचे ‘ओएम ६१७’. त्याचेही हेड बिडाचे. मर्सिडीजने जून १९७६ मध्ये इटलीतील नार्डो येथील चाचणीपथावर ‘सी १११’ या प्रायोगिक गाडीत हे इंजिन टर्बो व इंटरकुलरसह बसवले. १९० अश्वशक्तीवर ही गाडी पाच हजार मैल ताशी सरासरी २५२ किलोमीटरने धावली आणि तिने अनेक विक्रम मोडले. पाठोपाठ १९७८ मध्ये ‘३०० एसडी’ ही टर्बो-डिझेल मोटार अमेरिकेत विक्रीस आली. टर्बो नसताना ७७ अश्वशक्ती देणारे हे इंजिन आता ११० अश्वशक्ती देऊ लागले.

महत्त्वाचे आहे ते यासाठी कंपनीने काय बदलले. पिस्टनच्या खालून तेलाचे फवारे सोडून ते थंड ठेवण्याची सोय केली. धुराचे व्हॉल्व्ह सोडियम भरलेले वापरले, म्हणजे उष्णता लवकर खाली उतरेल. क्रँकशाफ्ट अधिक भक्कम केला, तेलाचा पंप मोठा केला. बिडाचे हेड मात्र बिडाचेच राहिले. पुढे महाराष्ट्रातही हे घराणे टर्बोपर्यंत पोहोचले. २०१३ मध्ये आलेल्या फोर्स गुरखातील २,५९६ घन सेंटिमीटरच्या टर्बो-इंटरकुलर इंजिनाचे मूळ ‘ओएम ६१६’ मध्येच होते.

ट्रकच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ ते १९६९ असे चालले. त्या परंपरेतले टाटांचे ‘६९७’ इंजिन नावातच ओळख सांगते: सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोर. पुढे त्याला टर्बो मिळाला. ‘१६१३’ या ट्रकच्या नावात एकूण १६ टन वजन आणि १३० अश्वशक्ती यांचा निर्देश आहे. जमशेदपूरला १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनातही हेड बिडाचेच. उत्सर्जनाचे निकष कडक होत गेले, १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले, तसा टर्बो ही ट्रकमध्ये सोय न राहता गरज बनली.

मग हेड फुटते कसे?

हेडच्या खालच्या बाजूला आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन व्हॉल्व्ह शेजारी बसतात. त्यांच्यामधली धातूची अरुंद पट्टी ही हेडची सर्वांत नाजूक जागा. इंजिनावर जोर आला, की ही पट्टी भोवतालच्या धातूपेक्षा अधिक तापते आणि फुगू पाहते. भोवतालचा थंड धातू तिला फुगू देत नाही. दाबाखाली ती किंचित चेपली जाते. इंजिन बंद होऊन थंड झाले, की चेपलेली पट्टी आता अपुरी पडते आणि ताणली जाते. बीड ताणात कच्चे. एका दिवसात काही होत नाही. पण असे शेकडो-हजारो फेरे झाले, की केसाएवढी चीर उमटते, हळूहळू पाण्याच्या मार्गापर्यंत पोहोचते आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसू लागतात.

फुटलेल्या हेडची दुरुस्तीही सोपी नसते. बीड साध्या वेल्डिंगला दाद देत नाही. आधी सावकाश तापवणे, निकेलच्या कांड्या वापरणे आणि पुन्हा सावकाश थंड करणे आवश्यक असते. काही ठिकाणी न तापवता धातूचे टाके घालून चीर बंद करतात. दोन्ही प्रकारांत दाबाची चाचणी केल्याशिवाय हेड बसवणे म्हणजे तेच काम दोनदा करणे होय.

पंपाचा स्क्रू

जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला वापरलेला टर्बो बसवून देण्याचे काम अनेक गॅरेजांत होते. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारापासून महामार्गावरील भंगारापर्यंत कोठूनही टर्बो मिळतो. तो बसवला म्हणजे लगेच शक्ती वाढत नाही, कारण डिझेल पूर्वीइतकेच जाते. मग फ्युएल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवले जाते. गाडी पळू लागते, मालक खूश होतो. हेडचे दिवस येथून मोजले जाऊ लागतात.

कंपनीने टर्बोसाठी घडवलेल्या इंजिनात पिस्टन वेगळे, त्यांना तेलाचा फवारा, दाबाचे प्रमाण बहुधा कमी, तेलाचा व पाण्याचा पंप मोठा आणि रेडिएटर रुंद असतो. घरगुती जोडणीत यातले काहीच बदललेले नसते. धुराचे तापमान किती आहे हे दाखवणारा मीटरही नसतो. डिझेल इंजिनात टर्बोच्या तोंडाशी हे तापमान दीर्घकाळ साधारण ७०० अंशांच्या वर राहू नये, असा व्यवहारातला दंडक आहे. मीटर नसलेल्या गाडीत त्याची ढोबळ खूण एकच: चढावर सातत्याने काळा धूर येत असेल, तर डिझेल हवेच्या मानाने जास्त आहे. अतिरिक्त भार त्यात भर घालतो. क्षमतेबाहेर भरलेला ट्रक मेंढवणच्या चढावर मिनिटेच्या मिनिटे पूर्ण जोरात असतो आणि हेडला उसंत मिळत नाही.

कायद्याची बाजूही दुर्लक्षण्याजोगी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात ही तरतूद पुन्हा ठामपणे मांडली. परस्पर केलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचणीचा ठरू शकतो.

पाणी, क्षार आणि समुद्र

पालघर किनाऱ्याचा जिल्हा आहे. किनारपट्टीवरच्या विहिरी व बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी जड किंवा मचूळ असते. रेडिएटरमध्ये तेच भरले, की हेडच्या आतल्या पाण्याच्या मार्गांत क्षाराचा थर चढतो. हा थर उष्णता फार कमी वाहून नेतो. त्याची वाहकता बिडाच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी धरली, तरी एक मिलिमीटर क्षार म्हणजे पंचवीस मिलिमीटर जादा बीड घातल्यासारखे होते. पाणी वाहत असते, काटाही फारसा चढत नाही. आतला धातू मात्र भाजून निघत असतो. रेल्वेच्या डिझेल इंजिनांत साधे पाणी न वापरता प्रक्रिया केलेले, गंजरोधक रसायने मिसळलेले पाणी वापरण्याची शिस्त आहे, ती याच कारणासाठी.

हाच नियम कारखान्यांतील जनरेटरनाही लागू पडतो. तारापूर वसाहतीत वीज गेली, की टर्बो असलेले डिझेल जनरेटर काही सेकंदांत पूर्ण भार उचलतात. थंड हेडवर अचानक पूर्ण जोर आणि वीज परतताच तडकाफडकी बंद, हा फेरा त्यांना सर्वाधिक मारक असतो. उलट, क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी भारावर तासन् तास चालवलेल्या जनरेटरच्या टर्बोत आणि धुराच्या मार्गात काजळी साचते. सातपाटी, डहाणू येथील मच्छीमार बोटींवरच्या डिझेल इंजिनांना समुद्राचे पाणी हाताशी असते, पण ते थेट हेडमधून खेळवले तर क्षार आणि गंज दोन्ही पदरी पडतात. गोडे पाणी इंजिनात फिरवून ते बाहेरून समुद्राच्या पाण्याने थंड करण्याची पद्धत म्हणूनच श्रेयस्कर. पावसाळी मासेमारी बंदीत इंजिन उघडले जाते, तेव्हा हेडमधील पाण्याचे मार्ग तपासून घेण्याची ती उत्तम वेळ असते.

हे लक्षात ठेवावे

इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे जोर देऊ नये. बीड सावकाश तापले पाहिजे.

चढ संपवून किंवा लांब पल्ल्यावरून आल्यावर इंजिन दोन ते तीन मिनिटे मंद गतीवर चालू ठेवावे. लगेच बंद केल्यास टर्बोच्या बेअरिंगमधील तेल जळून कोळसा होतो आणि हेडमधील पाण्याचे फिरणे एकाएकी थांबते.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. उभ्या जागी हेड तडकण्याचे हे हमखास कारण आहे. रेडिएटरचे झाकणही लगेच उघडू नये. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर असू शकते आणि झाकण सुटताच उसळते.

रेडिएटरमध्ये क्षारविरहित पाणी आणि योग्य प्रमाणात कूलंट वापरावे. बोअरवेलचे पाणी केवळ अडचणीच्या वेळी भरावे व नंतर बदलावे.

थर्मोस्टॅट काढून टाकू नये. तो नसेल तर इंजिन नीट तापत नाही आणि हेडच्या वेगवेगळ्या भागांत तापमानाची तफावत वाढते.

हवेचा फिल्टर वेळेवर बदलावा. तो तुंबला की हवा घटते आणि तेवढ्याच डिझेलला धूर व उष्णता वाढते.

हेड उतरवले असेल तर फेसिंगबरोबर दाबाची चाचणी करून घ्यावी. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या क्रमाने व टॉर्कनेच आवळावेत.

भारत स्टेज-६ च्या ट्रकमध्ये यातील काही राखण संगणक करतो. पाण्याचे तापमान मर्यादेबाहेर चढले, की तो चालकाला इशारा देतो आणि डिझेल आपोआप कमी करतो. जिल्ह्यातील रस्त्यांवर, कारखान्यांच्या शेडमध्ये आणि बंदरांवर जुनी इंजिने अजूनही आहेत आणि तेथे असा पहारेकरी नाही. वाघोबा खिंड चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर गिअर उतरवून पाय थोडा सैल सोडायचा आणि माथ्यावर पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचे नाही, एवढे त्या चालकालाच पाहावे लागते.